एका वेळी एकच चूक दाखवणारी तपासणी

सभासदांची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला तक्ता) चढवताना माझा पायथन प्रोग्राम पहिल्याच चुकीला थांबायचा. पिनकोड दुरुस्त करा, पुन्हा चढवा, मग आयएफएससी (बँक शाखेचा कोड) अडणार. फाइल भरणाऱ्या ताईंचा अख्खा दिवस जायचा. मला ते बघवेना.

म्हणून प्रत्येक चूक ओळ क्रमांकासह लिस्टमध्ये जमा करू लागलो. तर दुसऱ्या ओळीत पहिलीच्याही चुका दिसायला लागल्या! ओळ तपासणाऱ्या फंक्शनच्या पॅरामीटरला (फंक्शनला बाहेरून मिळणाऱ्या मूल्याला) डीफॉल्ट म्हणून, म्हणजे काही दिलं नाही तर वापरायला, रिकामी लिस्ट दिली होती. पायथन ती फंक्शन डिफाइन होताना एकदाच बनवतं आणि दर कॉलला तीच वापरतं. डीफॉल्ट ‘नन’ (None, म्हणजे ‘काहीच नाही’) ठेवून नवी लिस्ट आत बनवली, प्रश्न सुटला.

शिवाय आयएफएससी ११ अक्षरी नसेल, तर पाचव्या जागी शून्य आहे का ते आता तपासतच नाही. एकाच चुकीचे दोन संदेश आले की माणूस गोंधळतो.