व्हिसावरच्या तारखा आणि अर्जातला उद्देश : या चुका टाळा

व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेश पक्का झाला, हा समज सर्वांत जुना आणि सर्वांत महागात पडणारा आहे. व्हिसा ही बहुतेक देशांत सीमेपर्यंत जाऊन प्रवेश मागण्याची परवानगी असते. आत घ्यायचे की नाही आणि किती दिवसांसाठी, याचा निर्णय तिथला इमिग्रेशन अधिकारी घेतो. त्यामुळे परतीचे तिकीट, निवासाचे आरक्षण, निमंत्रणपत्र आणि विम्याची कागदपत्रे विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत न टाकता हाताशी ठेवावीत आणि अर्जात प्रवासाचे जे कारण लिहिले आहे तेच विचारल्यावर सांगावे.

सर्वाधिक गोंधळ होतो तो तारखांचा, कारण एकाच स्वरूपाच्या तारखेचा अर्थ देशागणिक बदलतो. अमेरिकेच्या व्हिसावरील अंतिम तारीख ही प्रवेश मागण्याची शेवटची तारीख असते. मुक्काम किती करता येईल हे आगमनाच्या वेळी नोंदल्या जाणाऱ्या आय-९४ या नोंदीवरून ठरते. म्हणजे दहा वर्षांचा पर्यटन व्हिसा हाती असलेल्या माणसालाही एका खेपेला काही महिनेच राहता येते आणि व्हिसा संपायच्या आदल्या दिवशी पोहोचलेला माणूस व्हिसा संपल्यानंतरही नोंदीतल्या तारखेपर्यंत कायदेशीरपणे राहू शकतो. ही मुदत ओलांडून सलग १८० दिवसांहून अधिक पण एक वर्षाहून कमी काळ बेकायदा राहून मग देश सोडल्यास तीन वर्षे, आणि एक वर्ष किंवा अधिक काळ राहिल्यास दहा वर्षे पुनःप्रवेशाची बंदी लागू होते. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसांतल्या सीमांवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, मात्र पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसाच्या स्टिकरवरील शेवटच्या तारखेपर्यंत बाहेर पडावेच लागते, शिवाय मुक्कामाच्या दिवसांचा आकडा स्वतंत्र छापलेला असतो. वैधता १ ते ३१ मे आणि मुक्काम १२ दिवस असे लिहिले असेल, तर त्या महिन्यातले कोणतेही १२ दिवस मिळतात, पूर्ण महिना नव्हे.

शेंगेनचा ‘१८० पैकी ९० दिवस’ हा नियम तर अनुभवी प्रवाशांनाही चकवतो. नव्वद दिवस पूर्ण झाले की एक दिवस बाहेर जाऊन यावे, मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते, असे सांगणारे अनेक जण भेटतात. ते चूक आहे. मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी त्या दिवसासह मागचे १८० दिवस मोजायचे असतात आणि त्यांत शेंगेनमध्ये घालवलेले दिवस ९० पेक्षा जास्त होता कामा नयेत. आगमनाचा आणि प्रस्थानाचा दिवसही त्यात धरला जातो. लीप वर्ष नसताना १ जानेवारी ते ३१ मार्च असे सलग राहिलेल्या व्यक्तीचे ९० दिवस नेमके संपतात आणि तिला पुन्हा प्रवेश ३० जूनपासूनच मिळू शकतो. ‘तीन महिने’ असा ढोबळ हिशेब करणारे इथेच अडकतात, कारण जुलै ते सप्टेंबर अशा तीन महिन्यांचे ९२ दिवस होतात.

पासपोर्टच्या तारखाही याच ओघात तपासाव्यात. अनेक देश आगमनाच्या वेळी सहा महिन्यांची वैधता मागतात. शेंगेनसाठी परतीच्या नियोजित तारखेनंतर किमान तीन महिने वैधता, दोन कोरी पाने आणि मागील दहा वर्षांत दिलेला पासपोर्ट, अशा तिन्ही अटी एकत्र लागतात. स्टिकर हातात पडल्याबरोबर नावाचे स्पेलिंग, पासपोर्ट क्रमांक आणि प्रवेशांची संख्या वाचून पाहावी. एकाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा घेऊन मध्येच आयर्लंडची सहल आखली, तर आयर्लंड शेंगेनमध्ये नसल्यामुळे परतताना दार बंद असते.

वाटेतल्या देशाचा विचार तर तिकीट काढून झाल्यावरच सुचतो. अमेरिकेत केवळ विमान बदलायचे असले तरी इमिग्रेशन पार करावेच लागते, त्यामुळे ज्यांना व्हिसामाफी नाही त्यांना तिथेही व्हिसा लागतो. स्वस्तात पडतात म्हणून दोन स्वतंत्र तिकिटे काढली, तर सामान ताब्यात घेऊन पुन्हा सोपवण्यासाठी अनेक विमानतळांवर त्या देशात रीतसर प्रवेश करावा लागतो. विमान कंपन्या अशा प्रवाशाला काउंटरवरच थांबवतात. अपुऱ्या कागदपत्रांचा प्रवासी नेल्याबद्दल अनेक देशांत त्यांनाच दंड होतो आणि त्याला परत नेण्याची जबाबदारीही त्यांच्यावर येते. तिथे वाद घालून उपयोग होत नाही.

अर्जातला उद्देश आणि पैशांचा पुरावा एकमेकांशी जुळला पाहिजे. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात आलेली मोठी रक्कम शिल्लक वाढवते खरी, पण ती कुठून आली याचे उत्तर सोबत जोडले नसेल तर संशयही वाढवते. त्यापेक्षा कमी रकमेचे पण नियमित उत्पन्न दाखवणारे खाते अधिक विश्वासार्ह ठरते, असे माझे मत आहे. पर्यटनाचा व्हिसा घेऊन पोहोचावे आणि नोकरी मिळाली की तिथेच तो बदलून घ्यावा, ही योजना बहुतेक ठिकाणी फसते. शेंगेन देशात ९० दिवसांहून अधिक राहायचे असल्यास सामान्यतः त्या देशाचा ‘डी’ प्रकारचा राष्ट्रीय व्हिसा आधीच काढावा लागतो. स्थलांतरासाठी जन्म, विवाह आणि शिक्षणाच्या दाखल्यांवर अनेकदा अपोस्टिल, म्हणजे दाखला परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून दिलेले अधिकृत प्रमाणपत्र, लागते. १९६१ च्या हेग करारात नसलेल्या देशांसाठी दूतावासाकडून प्रमाणीकरण करून घ्यावे लागते. आधी भाषांतर करायचे की आधी अपोस्टिल, हे स्वीकारणाऱ्या कार्यालयाला विचारूनच ठरवावे, कारण अपोस्टिलच्या मजकुराचेही भाषांतर काही ठिकाणी मागितले जाते.

व्हिसा नाकारला गेला तर तोच अर्ज त्याच कागदांसह लगेच पुन्हा भरू नये. शेंगेन देश नकाराची कारणे ठरावीक नमुन्यावर कळवतात आणि ज्या देशाने निर्णय दिला त्याच्याच कायद्यानुसार ठरलेल्या मुदतीत अपील करता येते. अमेरिकेत इमिग्रेशन कायद्याच्या कलम २१४(बी) खालील नकारावर अपील नाही. तिथे प्रत्येक पर्यटकाला स्थायिक होण्याच्या इराद्याने आलेला मानूनच मुलाखत सुरू होते. परिस्थितीत काय बदल झाला किंवा मागच्या वेळी कोणता पुरावा राहून गेला, हे दाखवता येत असेल तरच नव्या अर्जाला अर्थ आहे. पुढच्या कोणत्याही देशाच्या अर्जात ‘पूर्वी व्हिसा नाकारला होता का’ या प्रश्नाचे उत्तर खरेच द्यावे; नकारामुळे पुढचा अर्ज आपोआप फेटाळला जात नाही, पण अर्जात फसवणूक केल्याचे ठरल्यास ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत अर्ज नाकारले जाऊ शकतात. अर्ज एजंटने भरला, हा बचाव सहसा ऐकला जात नाही, म्हणून सादर करण्यापूर्वी त्याने भरलेली प्रत मागून घेऊन प्रत्येक उत्तर स्वतः वाचावे.