उन्हाळी कामांच्या दिवसांत गांधीलमाश्यांपासून घ्यावयाची काळजी

नागपूर जिल्ह्यातील काटोल, नरखेड, कळमेश्वर आणि सावनेर या संत्रा पट्ट्यात मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची) फळे उतरल्यानंतर सल म्हणजे वाळलेल्या फांद्या काढणे, धुऱ्यावरील झुडपे तोडणे, ठिबकच्या नळ्या गोळा करणे आणि पावसाळ्यापूर्वी खोडांना बोर्डो पेस्ट (मोरचूद व चुन्याचा लेप) लावणे ही कामे एप्रिल-मे महिन्यांत एकापाठोपाठ येतात. गांधीलमाशी चावण्याचे प्रसंगही याच कामांत अधिक येतात, कारण दाट फांदीच्या आत, कापसाच्या पऱ्हाटीच्या ढिगात, मोटरच्या स्टार्टर पेटीत किंवा उघड्या पाइपच्या तोंडात असलेले पोळे दिसण्याआधीच त्याला हात किंवा कोयता लागतो. उडत येऊन विनाकारण चावणारी माशी क्वचितच असते. तिचा बहुतेक राग पोळ्याला लागलेल्या धक्क्याचा असतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी दहा मिनिटे पाहणीत घालवावीत. झाडापासून काही अंतरावर शांत उभे राहून माश्यांची ये-जा एकाच जागी होते का ते बघावे, संशयित ढीग लांब काठीने हलवावा आणि मगच हात घालावा.

सापडलेले प्रत्येक पोळे नष्ट करावे असे मात्र नाही. गांधीलमाशी आपल्या पिलांना अळ्या आणि इतर किडी खाऊ घालते, आणि संत्र्याची कोवळी पाने फस्त करणाऱ्या अळ्याही त्यांत येतात. बागेच्या कोपऱ्यातील, माणसांच्या आणि जनावरांच्या वाटेपासून दूर असलेले पोळे तसेच राहू द्यावे व त्या झाडाला रंगीत चिंधी बांधून मजुरांना त्याची कल्पना द्यावी. भिंतीवर मातीचे गाडग्यासारखे लहान घर बांधणारी कुंभारीण माशी तर एकटीच राहते आणि पकडल्याशिवाय सहसा डंख मारत नाही. तिला पिटाळण्यात वेळ घालवू नये. याउलट उंच झाडावर किंवा पाण्याच्या टाकीखाली लटकणारे आग्या मोहोळ ही वेगळी आणि फार धोकादायक गोष्ट आहे. त्याच्या आसपास धूर, दगड किंवा फवारणी यांपैकी काहीही करू नये. ते काढणे जाणकार माणसाकडेच सोपवावे.

गोठा, विहिरीवरील मोटरघर, घराचे दार अशा ठिकाणचे छोटे, हाताच्या तळव्याएवढे छत्रीसारखे पोळे काढणे आवश्यक असेल तर अंधार पडल्यावर, माश्या पोळ्यावर बसलेल्या असताना काढावे. पूर्ण बाह्यांचा जाड सदरा, हातमोजे, बूट आणि चेहऱ्यावर जाळी असावी, आणि मागे हटण्याची वाट आधीच मोकळी करून ठेवावी. बॅटरीच्या काचेवर लाल कागद लावल्यास माश्यांना तो उजेड फारसा जाणवत नाही. फवारणी पंपात साबणाचे दाट पाणी भरून पोळे पूर्ण भिजेपर्यंत मारल्यास माश्यांचा श्वास कोंडतो. मात्र स्टार्टर पेटीवर किंवा तारांजवळ पाणी मारू नये. तेथे आधी मुख्य वीजपुरवठा बंद करून माहीतगाराच्या मदतीनेच काम करावे. टेंभा पेटवून पोळे जाळण्याची जुनी सवय मे महिन्यात सोडून द्यावी, कारण पारा पंचेचाळीसपर्यंत गेलेला असताना पऱ्हाटीचा किंवा तणसाचा ढीग एका ठिणगीने पेटतो. डोक्याएवढे मोठे, बंद आवरणाचे किंवा भिंतीच्या पोकळीतील पोळे मोठ्या गांधीलमाश्यांचे असू शकते. त्याला घरच्या घरी हात लावू नये.

या दिवसांत माश्या पाण्यासाठी भटकतात. आपल्याकडे दारोदारी चालणारे कूलर, गळके ठिबक आणि जनावरांचे हौद त्यांना सोयीचेच ठरतात, तेव्हा गळती बंद करावी आणि कूलरमध्ये पाणी भरण्यापूर्वी तो बंद करून आत नजर टाकावी. झाडाखाली पडलेली कुजकी संत्री रोज उचलून खड्ड्यात पुरावीत. सरबताचा किंवा ताकाचा पेला झाकून ठेवावा, कारण तोंडात किंवा घशात झालेला डंख सुजेमुळे श्वास अडवू शकतो.

माश्या अंगावर आल्यास हात झटकू नयेत व माशी चिरडू नये. त्या वासाने इतर माश्या चवताळतात. चेहरा झाकून सरळ वीस-तीस पावले दूर जावे व बंद खोली किंवा वाहन गाठावे. गांधीलमाशीची नांगी सहसा त्वचेत राहत नाही, मधमाशीची राहते. राहिली असल्यास नखाने तात्काळ खरवडून काढावी. जागा साबण-पाण्याने धुवावी, अंगठी व बांगड्या काढाव्यात आणि कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे धरावा. चुना, माती, रॉकेल यांचा उपयोग नाही, जखमेचे मात्र नुकसान होते. ब्लेडने चिरणे किंवा दंडाला दोरी आवळणे तर टाळावेच.

सर्वांगावर गांधी उठणे, ओठ किंवा जीभ सुजणे, आवाज बसणे, धाप लागणे, उलट्या, चक्कर यांपैकी काहीही काही मिनिटांत ते तासाभरात दिसल्यास ती तीव्र अ‍ॅलर्जी समजावी आणि १०८ वर लगेच फोन करावा. अशा वेळी खरा उपाय अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन हाच असतो. नुसत्या अ‍ॅलर्जीच्या गोळीवर विसंबून वेळ दवडू नये. रुग्णाला चालवू नये. आडवे झोपवून पाय उंच ठेवावेत, धाप लागत असेल तर टेकून बसू द्यावे. लक्षणे ओसरल्यावर काही तासांनी पुन्हा उफाळू शकतात, म्हणून दवाखान्यातून घाईने परतू नये. दहापेक्षा अधिक डंख झाले असतील, विशेषतः लहान मुलाला किंवा वृद्धाला, तर अ‍ॅलर्जी नसली तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. पुढील दोन-तीन दिवस लघवी कमी होणे किंवा काळ्या चहासारखी गडद होणे याकडे लक्ष ठेवावे, कारण जास्त विषामुळे मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

पूर्वी असा त्रास झालेल्या मजुराला सल काढण्याच्या कामावर ठेवू नये, आणि दूरच्या वावरात काम असेल त्या दिवशी एक वाहन बागेतच थांबवून ठेवावे.