हाडाचं ऑपरेशन झालंय? दुखण्याची गोळी घ्यायच्या आधी स्ट्रिप उलटी करून बघा

मी पंचवटीत मेडिकलच्या काउंटरवर बसतो आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती खुब्याचं, गुडघ्याचं किंवा रॉड-प्लेटचं ऑपरेशन होऊन नुकतंच घरी आलेल्या पेशंटची. कारण त्यांना गोळ्या देणारे खूप जण असतात. ऑपरेशनवाल्या डॉक्टरांनी लिहिलेल्या असतात, बीपी-शुगरचे डॉक्टर वेगळे, घरात मागच्या वर्षीच्या उरलेल्या असतात, वर शेजारच्या मावशी सांगतात मला ह्या गोळीने लगेच आराम पडला. सगळ्यांची नावं वेगळी म्हणून वाटतं गोळ्या पण वेगळ्या, पण तसं नसतं.

म्हणून पहिलं काम हे. सगळ्या स्ट्रिपा एका ताटात काढा, उलट्या करा आणि मागे बारीक अक्षरात जे औषधाचं नाव असतं ते वाचा. पुढचं मोठं नाव कंपनीचं असतं, ते सोडून द्या. अक्षर लागत नसेल तर मोबाईलने फोटो काढून मोठा करा. बहुतेक घरांत पॅरासिटामॉल दोन-तीन ठिकाणी सापडतं. डोलो ६५० मधे ६५० मिलिग्रॅम, झिरोडॉल-पी मधे ३२५ (सोबत अ‍ॅसिक्लोफेनॅक), अल्ट्रासेटमधे ३२५ (सोबत ट्रामाडॉल), कॉम्बिफ्लाममधे पण ३२५. आता समजा आजींनी दिवसात डोलो तीनदा घेतली, झिरोडॉल-पी दोनदा आणि अल्ट्रासेट तीनदा, तर १९५० अधिक ६५० अधिक ९७५, म्हणजे ३५७५ मिलिग्रॅम झालं. धडधाकट मोठ्या माणसाला २४ तासांत ४००० च्या वर जायचं नसतं, पण वजन ५० किलोच्या खाली असेल, लिव्हरचा त्रास असेल, रोज दारू घेणारा माणूस असेल किंवा जेवण नीट जात नसेल तर मर्यादा बरीच कमी धरतात, २००० ते ३००० च्या आसपास, आणि ती तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायची. जास्त झालेलं पॅरासिटामॉल लिव्हरला लागतं आणि पहिल्या दिवशी काही कळत पण नाही, हाच धोका आहे.

जनऔषधी केंद्रातून गोळ्या आणत असाल तर चांगलंच आहे, स्वस्त पडतात आणि औषधही तेच असतं. फक्त "तेच" आहे हे लक्षात ठेवा, घरातली ब्रँडची आणि जनऔषधीची अशा दोन्ही चालू ठेवू नका.

नीट मात्रेत घेतलं तर पॅरासिटामॉल हीच पहिली गोळी. लोकांना ती तापाची साधी गोळी वाटते, "ह्याने हाडाचं काय थांबणार" म्हणतात. पण सुरुवातीचे दिवस डॉक्टरांनी दिलेल्या वेळेवर, घड्याळ लावून घेतली तर जड गोळीची गरज खरंच कमी होते. दुखणं शिगेला पोचल्यावर घेण्यापेक्षा आधी घेतलेली बरी. आणि हे ज्यांना पाठीतून किंवा पायात नस बधिर करायचं इंजेक्शन दिलंय त्यांच्यासाठी जास्त महत्त्वाचं, त्याचा असर उतरला की दुखणं एकदम अंगावर येतं, बऱ्याचदा रात्रीच, म्हणून असर कधी उतरेल आणि पहिली गोळी कधी घ्यायची हे डिस्चार्जच्या आधीच विचारून लिहून घ्या.

दुसरा गट सुजेच्या गोळ्यांचा. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब. आराम छान देतात, पण हा गट मनाने घ्यायचा नाही, आणि ह्यातल्या दोन एकत्र तर कधीच नाही. जठरात अल्सर होऊ शकतो, बीपी वाढतो, हृदयविकार असलेल्यांना धोका वाढतो, किडनीवर ताण येतो. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी आणि सोबत लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर त्यात ही तिसरी पडली की किडनीला जड जातं, त्यात एप्रिल-मेचं ऊन, पाणी कमी, नाहीतर जुलाब लागलेले असले की अजूनच. खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पायात गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करायची गोळी किंवा पोटावरचं इंजेक्शन देतात, त्यासोबत सुजेची गोळी म्हणजे रक्तस्रावाची भीती. आणि कोणी सांगितलं म्हणून हृदयाची अ‍ॅस्पिरिन स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा. डॉक्टरांनी सुजेची गोळी दिलीच असेल तर जेवणानंतर घ्या, पित्ताची गोळी सोबत हवी का ते विचारा आणि जितके दिवस लिहिलंय तितकेच दिवस. सकाळी उपाशीपोटी गोळी आणि वर झणझणीत मिसळ, असं निदान एवढे दिवस तरी नको.

ह्या गोळ्यांनी हाड उशिरा जुळतं का, हा प्रश्न बऱ्याच जणांचा असतो. हाड जुळायच्या सुरुवातीच्या कामात शरीराला जी रसायनं लागतात तीच ह्या गोळ्या कमी करतात, म्हणून जास्त दिवस, जास्त डोस घेण्याबद्दल सर्जन सावध असतात. थोड्या दिवसांच्या डोसबद्दल डॉक्टरांची मतं सारखी नाहीत, तुमचं हाड बघून तुमचे सर्जनच सांगतील. पण तंबाखू, विडी-सिगारेट ह्याने हाड जुळायला उशीर होतो ह्यात शंका नाही. गोळीची एवढी चिंता करणाऱ्यांनी ती पुडी आधी बाजूला ठेवावी, आणि आजींची मिश्री पण, ती सुद्धा तंबाखूचीच.

ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल ह्या जड गोळ्या. चिठ्ठीशिवाय आम्ही देत नाही आणि कृपया आग्रह पण करू नका, ट्रामाडॉल शेड्यूल एच-वन मधे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत आहे आणि २०१८ पासून नशेच्या औषधांच्या कायद्यात पण आलंय. चक्कर, मळमळ, गुंगी येते, बद्धकोष्ठ तर बऱ्याच जणांना होतो. फिट येणाऱ्यांनी किंवा डिप्रेशनची गोळी चालू असणाऱ्यांनी हे आधी सांगायलाच हवं. झोपेची गोळी किंवा दारू ह्यासोबत अजिबात नाही, श्वास मंदावतो. आणि वॉकर घेऊन चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला गुंगीत एकट्याने बाथरूमला जाऊ देऊ नका, पुन्हा पडलं तर सगळं पहिल्यापासून. पोट साफ राहण्यासाठी पहिल्या दिवसापासूनच पाणी, पालेभाजी, फळं, आणि डॉक्टर हो म्हणाले तर भरपूर पाण्यासोबत इसबगोल.

गोळीशिवायचे उपाय कमी समजू नका. पाय उशीवर छातीपेक्षा वर ठेवला की ठणका उतरतो. बर्फ टॉवेलात गुंडाळून १५-२० मिनिटं, ड्रेसिंग किंवा प्लॅस्टर ओलं होऊ न देता. नाशकातली डिसेंबरची थंडी असली की लोक शेक घ्यायला बघतात, पण सुरुवातीच्या दिवसांत शेकाने सूज वाढते आणि बधिर कातडीवर गरम पिशवीने भाजलेलं कळत पण नाही. मालीश नको, बाम टाक्यांजवळ नको. आणि लेबल नसलेली "सांधेदुखीची आयुर्वेदिक पुडी" कुणी कितीही प्रेमाने दिली तरी नको, अशा पुड्यांमधे स्टेरॉइड किंवा डायक्लोफेनॅक मिसळलेलं सापडलेलं आहे.

काही दुखणी गोळीने दाबायची नसतात. प्लॅस्टर आवळल्यासारखं वाटतंय, बोटं हलवली की जीव जातो, बोटं बधिर किंवा गार पडलीत, तर रात्र असली तरी लगेच हॉस्पिटल गाठा. पोटरी सुजून दुखत असेल, ताप येऊन जखमेतून पाणी किंवा पू येत असेल, शौचाला काळी होत असेल, लघवी कमी झाली असेल तर त्याच दिवशी दाखवा. छातीत दुखून दम लागला किंवा रक्ताची उलटी झाली तर सरळ १०८.

गोळ्या कमी करताना साधारण उलट क्रम असतो, आधी जड गोळी सुटते, मग सुजेची, पॅरासिटामॉल शेवटी. जड गोळी बरेच दिवस चालली असेल तर एकदम तोडू नका, डोस हळूहळू उतरवायला विचारा. आणि उरलेल्या ट्रामाडॉलच्या स्ट्रिपा डब्यात "कामाला येतील" म्हणून ठेवू नका, घरात लहान पोरं असतात, कुठे द्यायच्या ते जिथून घेतल्या त्या मेडिकलवाल्याला विचारा.