लूव्र बघायचं असेल तर बुधवार किंवा शुक्रवारची संध्याकाळ धरा

पॅरिसच्या सहलीत लूव्रसाठी वार निवडताना मंगळवार आधीच बाजूला काढा, त्या दिवशी संग्रहालय बंद असतं. बुधवारी आणि शुक्रवारी ते रात्री 9 पर्यंत उघडं असतं. दुपार उलटल्यावरची वेळ ऑनलाइन आरक्षित केलीत तर शांतपणे बघता येतं. शेवटचा अर्धा तास मात्र हिशेबात धरू नका, दालनं आधीपासूनच रिकामी करायला लागतात.

सगळं बघायचा हट्ट नको. दनों, सुली आणि रिशलिय हे तीन विभाग आहेत, त्यांतले एक-दोनच घ्या. 'मोनालिसा' दनोंमध्ये आहे. चित्र जेमतेम 77 बाय 53 सेंटिमीटरचं, काचेमागे, आणि पुढे कायम गर्दी. ते बघून झालं की तसेच मागे वळा! समोरच्या भिंतीवर वेरोनेजे या इटालियन चित्रकाराचं 'काना येथील लग्न' आहे, जवळजवळ 10 मीटर रुंद. बहुतेकांची पाठ त्याच्याकडेच असते, याचं मला फार वाईट वाटतं. तिथे बराच वेळ थांबा, एकेक चेहरा बघा.

मुलं बरोबर असतील तर सुरुवात रिशलियमधून करा. इराकमधल्या खोर्साबादच्या प्राचीन राजवाड्यातले माणसाच्या तोंडाचे, पंख असलेले प्रचंड दगडी बैल त्यांना नक्की आवडतील. बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाची कायदे कोरलेली काळी शिळाही तिथेच आहे.

पायात रुळलेले बूट हवेत. मोठी सॅक हॉटेलवरच ठेवा.