ताप कितव्या दिवसाचा? पावसाळ्यात रक्त तपासताना या चुका टाळा

जुलै लागला की घणसोलीतल्या आमच्या लॅबच्या काउंटरवर सकाळी साडेसातलाच रांग लागते. सुई टोचण्याआधी मी विचारतो, "ताप कधीपासून?" उत्तर ठरलेलं, "असेल दोन-चार दिवस." घोळ इथेच सुरू होतो, कारण डेंग्यूच्या तपासणीत दुसरा दिवस वेगळा आणि सहावा दिवस वेगळा.

एनएस१ हे विषाणूचंच प्रथिन. ताप चढल्यापासून साधारण पाचव्या दिवसापर्यंत ते रक्तात चांगलं सापडतं, मग ओसरू लागतं. आयजीएम अँटीबॉडी, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं, चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसू लागतात. मागच्या पावसाळ्यात कोपरखैरण्याचे एक काका सातव्या दिवशी आले, नुसती एनएस१ करून गेले, रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि "डेंग्यू नाही" असं सोसायटीभर सांगत सुटले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आयजीएम करायला लावली, ती पॉझिटिव्ह! एनएस१चा रिपोर्ट खोटा नव्हता हो, सातव्या दिवशी सापडण्यासारखं फारसं काही उरलंच नव्हतं. दुधाचा हिशेब लिहिता त्या कॅलेंडरवर ताप चढला त्या तारखेला गोल करून ठेवा.

मग प्लेटलेट्सची धास्ती. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं. रक्त भरलं की नळी हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीसुलटी करायची. घाईत ते राहिलं की गुठळ्या होतात. काहींच्या रक्तात तर ईडीटीएमुळेच प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात आणि मशीनला ते झुबके मोजताच येत नाहीत. कागदावर १८ हजार छापून येतं, घरात रडारड, आणि रक्ताचा थेंब पसरलेली काचपट्टी (स्मिअर) सूक्ष्मदर्शकाखाली धरावी तर प्लेटलेट्सचे घोसच्या घोस. आकडा पेशंटकडे बघून पटत नसेल तर "स्मिअर पाहिलं का?" असं लॅबला बिनधास्त विचारा. गरज पडली तर निळ्या झाकणाच्या सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेतात.

आकडा खरा असला तरी त्याच कागदावरचं हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, बघा. ते चढत असेल तर रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतंय असं समजा. आणि हे होतं नेमकं ताप उतरताना, घरचे "आता बरा झाला" म्हणतात तेव्हा. पोटात सतत दुखणं, न थांबणारी उलटी, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं, यातलं काहीही दिसलं की थेट रुग्णालय गाठा. पपईच्या पानांच्या रसात वेळ घालवू नका. अंगदुखीला मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकही आणू नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

टायफॉईडसाठीच्या विडालबद्दल काय बोलावं! १८९६ सालची तपासणी, आणि आजही लोक तापाच्या दुसऱ्या दिवशी स्वतःहून मागतात. पहिल्या आठवड्यात अँटीबॉडी पुरेशा नसतात. उलट पूर्वी टायफॉईड झालेल्याचा आकडा भलत्याच तापातही वर दिसू शकतो. "थोडा टायफॉईड आहे" हे वाक्य त्यातूनच जन्माला आलं. खरी तपासणी ब्लड कल्चरची, म्हणजे रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघण्याची, तीही अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जाण्याआधी. ती महाग, शिवाय निकालाला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून लोक टाळतात. गोळ्या सुरू केल्यावर कल्चरला आलात तर बरेचदा काही उगवतच नाही.

मलेरियाचं स्मिअरही गोळ्यांआधीच. एकदा निगेटिव्ह आलं आणि ताप चालूच असेल, तर १२ ते २४ तासांनी पुन्हा करा. व्हायव्हॅक्स हा मलेरियाचा प्रकार निघाला तर प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावी लागते, कारण परजीवी यकृतात दडून बसतो. त्याआधी लाल पेशींतल्या जी६पीडी या एन्झाइमची तपासणी करावी, आणि गरोदर बाईला ही गोळी देत नाहीत. चौथ्या-पाचव्या दिवशी बरं वाटतं आणि गोळ्या थांबतात. शेजारच्या वहिनींना दिवाळीत पुन्हा हुडहुडी भरली. "परत डास चावला वाटतं," म्हणाल्या. फ्रिजवर पावसाळ्यातलं पाकीट होतं, नऊ दिवसांच्या गोळ्या शिल्लक.