पुरळ जाता जात नाही? आधी या चुका टाळा

मी एका त्वचारोगतज्ज्ञांकडे टेक्निशियन आहे. चट्ट्याच्या कडेची सालं बोथट पात्याने खरवडायची, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे शोधायचे, हे माझं चौदा वर्षांचं रोजचं काम. पेशंट खुर्चीत बसला की मी पहिल्यांदा विचारते, "काय लावलंय?" उत्तर येतं, "काहीच नाही." आणि मग पिशवीतून तीन ट्यूबा निघतात.

मेडिकलमधून "खाजेची ट्यूब" आणणं

या चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलते, कारण तिने झालेलं नुकसान मी रोज पाहते. मागितल्यावर हातात पडते ती बहुतेकदा मिश्र ट्यूब: थोडं बुरशीचं औषध, थोडं जंतूंचं आणि सोबत क्लोबेटासोलसारखं जहाल स्टिरॉइड. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते आणि माणसाला वाटतं, काम झालं. खरं तर स्टिरॉइडने शरीराची प्रतिक्रिया तेवढी दाबलेली असते. खाली बुरशीला मोकळं रान मिळतं. गजकर्णाची ओळख म्हणजे त्याची उठावदार गोल कड, आणि तीच पुसली जाते. मग अनुभवी डॉक्टरांनाही नुसत्या नजरेने सांगता येत नाही. याला टिनिया इन्कॉग्निटो म्हणतात, म्हणजे वेष पालटलेलं गजकर्ण. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी ती विकली जातात, आणि आपण मागतो म्हणूनच विकली जातात.

तालमीत जाणारा एकोणीस वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे आला होता. पावसाळ्यात जांघेत रुपयाएवढा चट्टा उठला. मित्राने स्वतःची ट्यूब दिली, ती संपल्यावर याने तशीच दुसरी आणली. चार महिन्यांनी आला तेव्हा कंबरेपासून गुडघ्यापर्यंत फिकट, विस्कटलेले डाग होते आणि कड कुठेच नव्हती. बघताना इसब वाटावं असं. मी चार जागी खरवडलं, तर काचपट्टीवर धाग्यांचं जाळंच दिसलं. घरी आई आणि बहीण दोघींनाही तेच, कारण टॉवेल एकच.

डॉक्टरांनी ट्यूब बंद केली आणि बजावलं, आठ-दहा दिवस खाज उसळेल, कळ काढ. सहाव्या दिवशी मुलगा रागाने परत आला, "तुमच्या औषधाने वाढलं." जुन्या ट्यूबने दाबून ठेवलेलं वर येत होतं, हे त्याला पुन्हा समजावावं लागलं. गोळ्या आणि मलम मिळून तीन महिने लागले. गावच्या जत्रेतली कुस्ती हुकली. गजकर्ण गेलं, पण मांड्यांच्या आतल्या बाजूला स्टिरॉइडने कातडी पातळ होऊन पडलेल्या रुंद रेघा राहिल्या. त्या आता जाणार नाहीत. पहिल्याच आठवड्यात तो आला असता तर खरवडून पाहायला पाऊण तास पुरला असता.

म्हणून निदान होईपर्यंत नवीन औषध लावू नका. खाज असह्य झाली तर ओल्या गार फडक्याची घडी ठेवा आणि साधं खोबरेल लावा. आधी लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्यासुद्धा, सोबत घेऊन या. डॉक्टरांनीच स्टिरॉइड बरेच दिवस दिलं असेल तर मात्र ते मनाने बंद करू नका, त्यांना विचारा. आणि बुरशीचं औषध मिळालं तर चट्टा दिसेनासा झाल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण करा. चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडणारे महिन्याने पुन्हा माझ्यासमोर बसलेले असतात.

पुरळ कुठे आहे, हे न बघणं

माझी जाऊ घरी चटण्या करून विकते. डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, तिघांची टोकं कोरडी पडून फाटायची, रक्त यायचं. वर्षभर तिने भांड्यांची पावडर बदलली, साबण बदलला, हातमोजे घातले, काही फरक नाही. मला ते दिसत होतं, पण मीही साबणच धरून बसले होते. एका रविवारी तिच्या शेजारी बसून लसूण सोलताना लक्षात आलं: पाकळी ती डाव्या हाताच्या याच तीन बोटांत धरते आणि सुरी उजव्यात. घासणी उजव्या हातात असते, आणि उजवा हात तर धडधाकट होता! पॅच टेस्टमध्ये, म्हणजे संशयित पदार्थ पट्टीने पाठीवर लावून पाहायच्या तपासणीत, लसूणच निघाला. त्यातलं डायअलिल डायसल्फाइड हे रसायन बहुतेक हातमोज्यांतून आरपार जातं, म्हणून मोज्यांचा उपयोग झाला नव्हता. सोलण्याचं काम तिने मुलाकडे दिलं आणि सहा आठवड्यांत बोटं भरून आली.

तेव्हापासून मी आधी जागा बघते. बेंबीखाली असेल तर जीन्सचं बटण किंवा बेल्टचं बकल, म्हणजे त्यातला निकेल हा धातू. कपाळाच्या मध्यावर टिकलीचा गोंद. कानामागे आणि केसांच्या कडेला हेअर डाय. पायावर चपलेच्या पट्ट्याच्या आकारात असेल तर चप्पलच. शेतात राबणाऱ्याच्या पापण्या, मान आणि कोपराच्या घड्या सुजल्या असतील तर गाजरगवत. हे गवत आपल्याकडे १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदवलं गेलं. त्याचे कण हवेतून येतात, म्हणून न उपटताही त्रास होतो.

"काल वांगं खाल्लं" म्हणून मोकळं होणं

स्पर्शाच्या अ‍ॅलर्जीचं पुरळ लगेच उठत नाही, साधारण एक ते तीन दिवसांनी उठतं. म्हणून काल रात्रीच्या जेवणावर बोट ठेवून उपयोग नाही. अंगावर पित्त उठलंय की दुसरं काही, हे पाहायला मी पेनाने गांधीभोवती गोल काढते आणि वेळ लिहिते. पित्ताची गांधी चोवीस तासांच्या आत तिथून जाते. तिथेच राहिली तर ते बहुधा पित्त नाही, आणि आमसुलाच्या पाण्याने ते जाणारही नाही.

रक्ताचं महागडं अ‍ॅलर्जी पॅनेल करणं

स्पर्शाने होणाऱ्या पुरळाचं कारण त्यात सापडत नाही. त्यासाठी पॅच टेस्ट लागते: पाठीवर पट्ट्या दोन दिवस, मग वाचन, आणि चौथ्या दिवशी पुन्हा वाचन. त्या काळात पाठ भिजवायची नाही. दुसऱ्या वाचनाला लोक येत नाहीत, आणि पुष्कळ वेळा उत्तर तिथेच असतं.

घरात एकट्यानेच खरजेचं औषध लावणं

रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्या, मनगट, आणि घरात दुसरंही कुणी खाजवतंय? खरूज असू शकते. औषध सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज नसलेल्यांनीही. नंतर दोन-चार आठवडे खाज राहते. ती आजाराची नसते, म्हणून औषध पुन्हापुन्हा थापू नका.

बिब्बा, लसूण, लिंबू चोळणं

अजिबात नाही. बिब्ब्याने फोड येतात, आणि मग मूळ चट्टा कुठला आणि भाजलेलं कुठलं, हे मलाही कळत नाही.

एकाच दिवशी सगळं बदलणं

साबण, तेल, पावडर एकदम बदललं तर बरं वाटल्यावरही कारण हाती लागत नाही. एक गोष्ट बंद करा, तीन आठवडे थांबा, रोज एकाच उजेडात फोटो काढा. थांबायची तयारी नसेल तर निदान होणार नाही, मग डॉक्टर कितीही बदला.

नवीन औषध सुरू झाल्यावर पुरळासोबत ताप आला, तोंडात फोड आले किंवा कातडी सुटू लागली, तर यातलं काहीही करत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि फिकट चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, खाजही नसेल, तर सरकारी दवाखान्यात दाखवा. ते कुष्ठरोगाचं लक्षण असू शकतं, उपचार मोफत आहेत आणि लवकर गेलात तर हातपाय शाबूत राहतात.