क्लोजिंग स्टॉकमध्ये लपणारा खर्च

मटेरियल, मजुरी, ओव्हरहेड ही नावं तुम्हाला पाठ आहेत आणि माल स्टोअरमधून वर्क इन प्रोग्रेसमध्ये, तिथून तयार मालात कसा सरकतो हेही माहीत आहे, असं धरून चालतो. नवखा माणूस अडकतो तो कारखान्याच्या स्थिर खर्चापाशी. शेडचं भाडं, यंत्रांचा घसारा, सुपरवायझरचा पगार. माल कमी बनला म्हणून हे खर्च कमी होत नाहीत, तरी ते मालाच्या किमतीत धरावेच लागतात. मग ते वाटायचे किती नगांवर?

आकडे मांडूनच बघा. एका नगाला मटेरियल 100, मजुरी 40, बदलता ओव्हरहेड 20, म्हणजे 160. स्थिर ओव्हरहेड महिन्याला 3,00,000. कारखाना नेहमीच्या परिस्थितीत महिन्याला 10,000 नग काढतो, पण या महिन्यात यंत्र बंद पडलं आणि 6,000च निघाले. त्यातले 4,000 विकले, 2,000 शिल्लक.

हात आपोआप 3,00,000 ला 6,000 नी भागतो. नगामागे 50 येतात, किंमत 210 होते आणि क्लोजिंग स्टॉक, म्हणजे महिनाअखेर शिल्लक उरलेला 2,000 नगांचा माल, 4,20,000. बेरजा जुळतात, ताळेबंद जुळतो, म्हणून चूक दिसतच नाही. पण ती चूकच आहे. आयएएस 2 या आंतरराष्ट्रीय लेखा मानकाप्रमाणे स्थिर ओव्हरहेडचा दर सामान्य क्षमतेवर काढायचा. म्हणजे 10,000 नगांवर 30, किंमत 190, स्टॉक 3,80,000. न बनलेल्या 4,000 नगांच्या वाट्याचे 1,20,000 त्याच महिन्याच्या नफा-तोट्यात खर्च म्हणून टाकायचे. पहिल्या पद्धतीत नफा 40,000 नी फुगला होता, कारण यंत्र बंद राहिल्याचा तेवढा तोटा आपण गोदामात मालमत्ता म्हणून ठेवून दिला होता.

आता उलटी बाजू. उत्पादन नेहमीपेक्षा खूपच वाढून 12,000 वर गेलं, तर मात्र दर 25 वर आणायचा. 30 च धरला तर झालेल्या खर्चापेक्षा जास्त रक्कम मालावर चढेल. दोन्हीकडे नियम वेगळा का, हे पहिल्या वाचनात डोक्यात शिरलं नाही तरी घाबरू नका. वरचं उदाहरण आकडे बदलून तीन-चार वेळा हाताने सोडवा, बसतं.

हाताने म्हटलं ते मुद्दाम. सॉफ्टवेअर तुम्ही दिलेल्या नगसंख्येने निमूट भागाकार करतं, ती संख्या सामान्य क्षमता आहे की नाही हे ते विचारत नाही. सूत्रांचे तयार तक्ते त्याहून वाईट, असं माझं ठाम मत आहे. शिकायचं तर स्टोअरकीपरशेजारी दोन दिवस बसा. मटेरियल इश्यूची चिठ्ठी कशी फाटते आणि उरलेला माल परत आल्याची नोंद कशी राहून जाते, हे तिथेच कळतं.

घटीचंही, म्हणजे बनवताना वाया जाणाऱ्या मालाचंही, असंच. 1,000 किलो माल 95,000 चा, 5 टक्के घट नेहमीची, म्हणून 950 किलो अपेक्षित आणि किलोला 100. निघाले 920. नेहमीची घट चांगल्या मालाने सोसायची. जादाची 30 किलो, म्हणजे 3,000, थेट नफा-तोट्यात. मोडीला काही किंमत येत असेल तर ती आधी वजा करा.

विक्रीचा खर्च, जाहिरात, ऑफिसचे पगार स्टॉकमध्ये कधीच नाहीत. आणि 190 ला बनलेला नग 200 ला विकला जाणार, पण विकायला 15 लागणार असतील, तर हातात 185 च येणार, ते 190 पेक्षा कमी, म्हणून स्टॉकमध्ये तो 185 नेच धरायचा.

रकमेला हात लावण्याआधी नग जुळवा: सुरुवातीचे अधिक बनलेले, वजा विकलेले, वजा खराब झालेले. हा आकडा प्रत्यक्ष मोजणीशी जुळत नसेल, तर दर काढायला बसूच नका.